जहाजाच्या शिडीपाशी लागणारे दाखले : एक आढावा

सह्याद्रीच्या या बाजूस, गोदावरीच्या खोऱ्यात वसलेल्या छत्रपती संभाजीनगरसारख्या शहराचा समुद्राशी संबंध तो काय, असा प्रश्न ज्यांच्या मनात येईल त्यांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रवर्णनात पैठणचे नाव आहे, आणि तेथील माल गाड्यांवर लादून वीस दिवसांच्या वाटेने भडोचच्या बंदरात पोहोचता होत असे, एवढे ध्यानात घ्यावे. माल जात होता; माणसे मात्र क्वचितच जात होती. अलीकडच्या काही वर्षांत हा क्रम पालटला आहे. मुंबईहून गोवा, कोची आणि लक्षद्वीप येथे जाणारी क्रूझ जहाजे, सिंगापूरच्या सहलीस जोडून मिळणारा तीन रात्रींचा जलप्रवास, आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाने आईवडिलांसाठी आधीच काढून ठेवलेली कॅरिबियन समुद्राची तिकिटे, या तीन वाटांनी येथील सिडको, उस्मानपुरा, गारखेडा भागांतील अनेक कुटुंबे जहाजाच्या शिडीपर्यंत येऊन ठेपली आहेत. आणि तेथे त्यांना जो पहिला प्रश्न विचारला जातो तो समुद्र लागतो की नाही हा नसून, आपण कोण, आणि ते सिद्ध करणारा कागद कोठे आहे, हा असतो.

या कागदांविषयी जी माहिती लोकांत फिरते ती बहुधा अर्धवट असते. एकाचा शेजारी केवळ आधार कार्डावर गोव्यास जाऊन आलेला असतो, दुसऱ्याच्या आतेभावास पासपोर्ट असूनही बंदरावरून परत यावे लागलेले असते, आणि दोघेही आपापला अनुभव हाच नियम म्हणून सांगत असतात. वास्तविक दोघांचेही म्हणणे खरे असू शकते. कारण येथे प्रश्न विचारणारा एक नसून चौघे आहेत : जहाजाची कंपनी, बंदराची सुरक्षायंत्रणा, आपल्या सरकारचे इमिग्रेशन खाते, आणि ज्या किनाऱ्यावर उतरावयाचे तेथील सरकार. या चौघांचे हेतू भिन्न आहेत, आणि एकाचे समाधान करणारा कागद दुसऱ्यास पुरेसा वाटेलच असे नाही. हे एकदा उमजले की कोणत्या प्रवासास कोणता दाखला, हे पाठ करण्याचे कारण उरत नाही. ते आपोआप निघते.

प्रथम कंपनीचा विचार करू. जहाजावर कोण आहे याची नोंद ठेवण्यामागील मूळ हेतू पोलिसी नाही, तो प्राणरक्षणाचा आहे. ‘रामदास’ बोटीची हकीकत कोकणात आजही सांगितली जाते. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसकडे निघालेली ही बोट बंदराबाहेर पडल्यावर काही वेळातच उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. नेमकी किती, हे आजही निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे छापलेले आढळते. आणि उतारूंच्या नावांची विश्वसनीय यादी किनाऱ्यावर नसली म्हणजे बुडालेल्यांचा हिशेब असाच कायमचा अपुरा राहतो. पुढे १९९४ साली बाल्टिक समुद्रात ‘एस्टोनिया’ हे जहाज ८५२ माणसांसह बुडाले, आणि त्यानंतरच्या वर्षांत ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारान्वये जहाज सुटण्यापूर्वी प्रत्येक उतारूची मोजणी आणि लांबच्या प्रवासात नावानिशी नोंद करणे बंधनकारक झाले. त्याआधी १९६५ च्या एका करारानेच उतारूंच्या यादीचा एक नमुना ठरून गेला होता. त्यात आडनाव, नाव, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, जन्मस्थान, ओळखपत्राचा प्रकार व क्रमांक असे रकाने आहेत. जन्मस्थानाचा रकाना वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावा. संभाजीनगरकरांस त्याचे प्रयोजन पुढे पडणार आहे.

बंदराच्या सुरक्षेचे नियम त्याहून अर्वाचीन आहेत. अमेरिकेवरील २००१ च्या हल्ल्यानंतर जहाजे व बंदरे यांच्या संरक्षणासाठी जी आंतरराष्ट्रीय संहिता तयार झाली ती १ जुलै २००४ पासून अमलात आली, आणि तेव्हापासून निरोप देण्यासाठी धक्क्यापर्यंत जाऊन रुमाल हलविण्याची जुनी प्रथा जवळजवळ संपली. ज्याचे नाव यादीत आहे आणि ज्याच्या हातातील कागदावर तेच नाव व तोच चेहरा आहे, तोच आत जातो.

कंपनीचा कारकून या बाबतीत एवढा कठोर का असतो, याचे कारण पुष्कळांस ठाऊक नसते, म्हणून त्याच्याशी वाद घालण्यात वेळ दवडला जातो. योग्य कागदपत्रांवाचून परक्या इसमास देशात आणल्यास त्याचा दंड उतारूवर नव्हे तर वाहतूकदारावर बसतो, असे कायदे बहुतेक देशांत आहेत. आपल्याकडे २००० सालच्या एका कायद्याने असा दंड दर उतारूमागे एक लाख रुपये ठरविला होता; तो कायदा, १९२० चा पासपोर्टविषयक कायदा आणि १९४६ चा परकीय नागरिकांविषयीचा कायदा हे सर्व रद्द करून त्यांच्या जागी आलेला इमिग्रेशन व परकीय नागरिक कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आहे, आणि त्यातही वाहतूकदाराची जबाबदारी कायम आहे. तेव्हा खिडकीमागील तो तरुण सरकारी अधिकारी नसतो, परंतु त्याच्या चुकीची किंमत त्याच्या मालकास मोजावी लागणार असते. आणि ज्यास स्वतःस दंड होणार तो मनुष्य सरकारी अधिकाऱ्याहूनही अधिक बारकाईने कागद पाहतो, हा अनुभव नवा नाही.

या ठिकाणी थोडा इतिहास सांगणे अप्रस्तुत होणार नाही, कारण अरबी समुद्रावर कागद मागण्याची प्रथा जुनीच आहे. मात्र पूर्वी तो जहाजाकडे मागत, माणसाकडे नव्हे. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पोर्तुगीजांनी या समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक गलबताने आपल्याकडून ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घ्यावा असा दंडक घातला, आणि बादशाही जहाजेही त्यातून सुटली नाहीत. तरीही परवाना जवळ असताना १६१३ साली जहांगीर बादशहाच्या मातोश्रींचे ‘रहिमी’ हे जहाज पोर्तुगीजांनी पकडून नेले. म्हणजे नियमाप्रमाणे कागद असूनही अडविले जाण्याची तक्रार चारशे वर्षांची तरी आहे. कान्होजी आंग्रे यांनीही पुढे आपली दस्तके काढली आणि ती न घेणाऱ्या इंग्रजांशी वर्षानुवर्षे झुंज दिली.

माणसाकडे कागद मागण्यास प्रारंभ झाला तो प्रथम यात्रेकरूंपासून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मुंबईहून हजला निघणाऱ्यांसाठी यात्रेचा स्वतंत्र परवाना निघाला, आणि निजामाच्या राज्यातील, अर्थात आपल्या या तेव्हाच्या औरंगाबादेतील यात्रेकरूही मुंबईस येऊन तेथूनच जहाज धरीत. ही जलमार्गाची हजयात्रा १९९५ साली बंद पडली. इतर उतारूंची स्थिती मात्र फार काळ मोकळी होती. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, सावरकर १९०६ मध्ये ‘पर्शिया’ बोटीने विलायतेस गेले. आज ज्याला आपण पासपोर्ट म्हणतो तशा पुस्तिकेची अट त्या काळच्या उतारूस नव्हती. पहिल्या महायुद्धाने ही मोकळीक संपविली, आणि त्याचा पहिला मोठा फटका महाराष्ट्रास बसला तो टिळकांच्या रूपाने. १९१८ च्या वसंतात होमरूलचे शिष्टमंडळ घेऊन विलायतेस निघालेले टिळक कोलंबोपर्यंत पोहोचले असता लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने त्यांचे पासपोर्ट रद्द करविले आणि सारी मंडळी परत फिरली. त्याच वर्षी पुढे चिरोल या इंग्रज पत्रकारावरील बदनामीच्या खटल्याच्या निमित्ताने त्यांना जाण्याची परवानगी मिळाली ती राजकीय चळवळ न करण्याच्या अटीवर. पासपोर्ट देणे वा न देणे ही सरकारची मर्जी, ही समजूत स्वातंत्र्यानंतरही वीस वर्षे टिकली. १० एप्रिल १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग सावनी यांच्या खटल्यात परदेशी जाण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असा निर्णय दिला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये आजचा पासपोर्ट कायदा झाला. मर्जीचे रूपांतर हक्कात झाले. हक्क बजावण्यासाठी लागणाऱ्या दाखल्यांची संख्या मात्र कमी झाली नाही, ही गोष्ट वेगळी.

आता प्रत्यक्ष प्रवासाकडे वळू. भारताच्या एका बंदरातून भारताच्याच दुसऱ्या बंदरात जाणाऱ्या जहाजास पासपोर्ट लागत नाही. मुंबई–गोवा मार्गावर २०१८ च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ सुरू झाली आणि थोड्याच काळात बंद पडली. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून जाऊ लागले. असल्या प्रवासास आधार कार्ड, मतदार ओळखपत्र, वाहन चालविण्याचा परवाना किंवा पासपोर्ट यांपैकी एक, मूळ स्वरूपात, पुरेसे धरले जाते. पॅन कार्ड चालत नाही असे बहुधा सांगितले जाते. त्यावर पत्ता नसतो आणि त्याचा जन्मच आयकराच्या हिशेबासाठी झालेला आहे, हे त्यामागचे उघड कारण. तरीही खिशात तेच सर्वांत हाताशी असल्यामुळे लोक तेच काढतात. गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होता, आणि तेथे जाणे म्हणजे आंतरराष्ट्रीय सरहद्द ओलांडणे होते, हे आज साठीच्या आतील वाचकास आठवत नसणार. तोच गोवा आज निळ्या रंगाच्या ‘बाल आधार’वर पाच वर्षांखालील मूलसुद्धा पाहून येते.

लक्षद्वीप हा मात्र देशांतर्गत असूनही अपवाद आहे. तेथील मूळ रहिवाशांखेरीज इतरांच्या प्रवेशावर व वास्तव्यावर १९६७ च्या नियमांन्वये निर्बंध आहेत, आणि म्हणून जहाज त्या बेटांस लागणार असल्यास प्रत्येक उतारूचा प्रवेशपरवाना काढावा लागतो. क्रूझ कंपन्या बहुधा हा परवाना स्वतःच काढून देतात, पण त्यासाठी अर्ज, छायाचित्रे व ओळखपत्राची प्रत प्रवासाच्या पुष्कळ आधी पाठवावी लागते. तिकीट काढताना मागविलेला हा अर्ज भरावयाचा राहिला, आणि लोकांनी बेटाचा किनारा जहाजाच्या कठड्यावरूनच पाहिला, असे प्रकार घडतात.

आधार कार्डाविषयी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण मराठवाड्यात त्याविषयी अतोनात विश्वास आहे. देशातील पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यातील नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली या आदिवासी गावी दिले गेले, आणि गेल्या पंधरा वर्षांत रेशनपासून बँकेपर्यंत सर्वत्र त्याचा शिरकाव झाला. परंतु २०१६ च्या आधार कायद्यातच हे कार्ड नागरिकत्वाचा पुरावा नव्हे असे नमूद आहे. हा मनुष्य येथे राहतो एवढेच ते सांगते, तो कोणत्या राष्ट्राचा आहे हे सांगत नाही. म्हणूनच तेच ‘एम्प्रेस’ जहाज जेव्हा जून २०२३ पासून चेन्नईहून निघून श्रीलंकेच्या हंबनटोटा, त्रिंकोमाली, कांकेसंतुरै या बंदरांस जाऊ लागले तेव्हा त्याच शिडीपाशी आधार कार्ड निरुपयोगी ठरले आणि पासपोर्ट अनिवार्य झाला. जहाज कोणाचे, ते किती मोठे, किती रात्रींचे, यावर काहीच अवलंबून नाही. वाटेत परमुलखाचे एक जरी बंदर असले तरी सारा प्रवास परदेशगमन ठरतो, आणि तेथे आपण न उतरता केबिनमध्ये झोपून राहणार असलो तरी त्यात फरक पडत नाही.

परदेशी प्रवासास पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे सहा महिने शिल्लक असावी, हा संकेत बहुतेक ठिकाणी पाळला जातो. कित्येकांचा घोटाळा येथेच होतो, कारण प्रौढाचा पासपोर्ट दहा वर्षांचा असला तरी लहान मुलाचा पाच वर्षांतच संपतो, आणि आईवडील स्वतःच्या पुस्तिका तपासून निश्चिंत राहतात. व्हिसाच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘एकवार’ की ‘अनेकवार’ हा होय. अथेन्सहून निघणारे जहाज ग्रीक बेटे करून तुर्कस्तानातील कुशादासीला लागते. त्या क्षणी उतारू शेंगेन प्रदेशाबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर, गेलेला असतो, आणि परत अथेन्सला उतरताना त्यास पुन्हा प्रवेश हवा असतो. ज्याने एकदाच प्रवेश देणारा व्हिसा घेतला त्यास जहाजावर चढूच देत नाहीत. सिंगापूरहून पेनांग व फुकेतला जाणाऱ्या जहाजाचेही तर्कशास्त्र तेच आहे. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून आणि थायलंडने त्याच सुमारास भारतीयांस व्हिसाची अट शिथिल केली हे खरे, परंतु या दोन्ही देशांना आगमनापूर्वी भरावयाचे संगणकीय कार्ड हवे असते, आणि परत उतरावयाचे आहे ते सिंगापूरला. पर्यटनसंस्था हे सर्व करून देतात. ज्यास संस्थेवाचून जावयाचे त्याने नकाशावर जहाजाची संपूर्ण वाट बोटाने काढून प्रत्येक बंदरापाशी थांबावे, यापरता दुसरा उपाय नाही.

परंतु या प्रश्नाचा जो भाग मराठी, आणि विशेषतः मराठवाड्यातील कुटुंबांस खरोखर जाचतो तो कागद नसण्याचा नाही. कागद सर्वांपाशी आहेत, किंबहुना गरजेपेक्षा जास्त आहेत. पण ते एकमेकांशी जुळत नाहीत. आपल्या नावाची घडणच अशी आहे की ती परक्या रकान्यांत नीट बसत नाही. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आणि आडनाव, हा आपला क्रम. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी येते, आधारवर कधी आधी कधी शेवटी, आणि पासपोर्टात ‘दिलेले नाव’ व ‘आडनाव’ असे दोनच रकाने असल्यामुळे वडिलांचे नाव काहींच्या बाबतीत पहिल्या रकान्यात शिरते तर काहींच्या बाबतीत गळून जाते. जहाजाच्या तिकिटावर नाव टंकणारा मनुष्य त्यातले त्यास सोयीचे वाटेल ते उचलतो. चव्हाण, चौहान आणि चव्हान ही तीन रूपे एकाच घरातील तीन भावांच्या कागदांवर सापडतात. आडनावाचा रकानाच कोरा असलेले पासपोर्टही आहेत. नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने अशा एकनामी पासपोर्टधारकास पर्यटनाच्या व्हिसावर प्रवेश देणे बंद केले, आणि हिवाळ्यात दुबईहून सुटणाऱ्या जहाजांकडे येथून जाणाऱ्यांची संख्या पाहता ही बारीकशी अट किती जणांस आडवी येते हे सांगणे नको. भरीस भर म्हणून, १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बालकाच्या नावात वडिलांच्या नावापूर्वी आईचे नाव घालण्याचा दंडक महाराष्ट्र शासनाने केला. प्रस्तुत लेखकास तो न्याय्य वाटतो. तथापि थोरल्या बहिणीचे नाव तीन पदांचे आणि धाकट्या भावाचे चार पदांचे, असे घर आता बंदरावर उभे राहणार आहे, याचीही नोंद घेतली पाहिजे.

स्त्रियांची अडचण याहून खोल आहे. लग्नात वधूचे आडनावच नव्हे तर पहिले नावही बदलण्याची रीत आपल्याकडे आता-आतापर्यंत चालू होती, आणि ज्यांचा विवाह तीस-चाळीस वर्षांपूर्वी झाला त्या गृहिणींचा शाळा सोडल्याचा दाखला एका नावाचा, आधार दुसऱ्या नावाचे, आणि बँकेचे पुस्तक कधी तिसऱ्याच स्वरूपाचे असते. दोन नावांची व्यक्ती एकच, हे सांगणारा विवाहाचा दाखला त्या काळी कोणी काढलेला नसतो. अशा वेळी शपथपत्र, वर्तमानपत्रातील जाहिरात आणि महाराष्ट्र शासन राजपत्रातील प्रसिद्धी, हा मार्ग घ्यावा लागतो. तो सरळ आहे, पण त्यास आठवडे लागतात, आणि तो सहलीचे पैसे भरल्यानंतर सुरू केला तर पुरा होत नाही. पासपोर्टसाठी आता विवाहाच्या दाखल्याऐवजी पतिपत्नींचे संयुक्त घोषणापत्र चालते ही मोठी सोय झाली. राजपत्रातील उतारा जहाजाच्या खिडकीवर दाखवून काम भागेल अशा भ्रमात मात्र कोणी राहू नये. त्याचा उपयोग मूळ ओळखपत्र दुरुस्त करून घेण्यापुरताच आहे.

जन्मतारखेची कथा तर सर्वश्रुत आहे. खेड्यातील मास्तरांनी शाळेत नाव घालताना ज्यांची तारीख कोणास ठाऊक नव्हती त्यांच्यापुढे सरसकट १ जून लिहिली, आणि त्यामुळे मराठवाड्यातील एका पिढीचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. यात हसण्यासारखे असले तरी अपाय काही नाही, कारण चुकीची तारीख सर्व कागदांवर एकसारखी चुकीची असली की ती बंदरावर बरोबरच ठरते. अपाय होतो तो आधारवर नुसते वर्ष असते, पासपोर्टवर १ जून असते, आणि आरक्षण करणाऱ्या नातवाने आजोबांस विचारून तिथीवरून काढलेली खरी तारीख टंकलेली असते, तेव्हा. त्याहून जुन्या पिढीचे मुळातले कागद तर निजामाच्या अमदानीतले. मजकूर उर्दूत, सन फसली, आणि त्यात ५९० मिळविल्यावाचून इसवी सन निघत नाही. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातील दप्तरे धुंडाळली तेव्हा उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची जी शोधाशोध करावी लागली ती वाचकांस आठवत असेल. सुदैवाने आता जहाजावर चढणाऱ्या वृद्धांपैकी फार थोड्यांस तेथवर मागे जावे लागते. पुढच्या पिढीचा प्रश्न तर कायद्यानेच सोडविला आहे : १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांस पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून महानगरपालिका वा तत्सम अधिकाऱ्याचा जन्मदाखलाच द्यावा लागतो, दुसरा काही चालत नाही.

आता जन्मस्थानाचा तो रकाना. शहराच्या नामांतरास केंद्र सरकारची संमती २४ फेब्रुवारी २०२३ रोजी मिळाली, जिल्ह्याच्या नामांतराची अधिसूचना त्याच वर्षीच्या सप्टेंबरात निघाली, ८ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, आणि रेल्वे स्थानकाची पाटी बदलण्यास ऑक्टोबर २०२५ उजाडावा लागला. विमानाच्या तिकिटावर तर येथील संक्षेप अजूनही आय-एक्स-यू असाच येतो. साहजिकच २०२३ पूर्वी काढलेल्या पासपोर्टात जन्मस्थान औरंगाबाद आहे आणि नंतरच्यात छत्रपती संभाजीनगर असू शकते, व एकाच घरातील दोघा भावंडांची जन्मगावे कागदोपत्री निराळी दिसतात. नाव बदलले म्हणून जुना पासपोर्ट बाद झाला काय, असे अनेक जण विचारतात. तो बाद झालेला नाही. मुंबई हे नाव येण्यापूर्वी ‘बॉम्बे’ छापलेल्या पुस्तिका आपापली मुदत संपेपर्यंत जगभर चालल्या, तसेच हे. मात्र उतारूंच्या यादीसाठी संगणकावर माहिती भरताना अभिमानाने नवे नाव घालणे आणि पासपोर्टवर जुने असणे, हे टाळावे. रकान्यात जे भरावयाचे ते पुस्तिकेत जसे छापले आहे तसे, अक्षरशः. शहरास काय म्हणावे हा वाद नागरिकांचा आहे, कोचीच्या किंवा मायामीच्या धक्क्यावरील यंत्रास त्यात रस नाही, आणि बिहारातही एक औरंगाबाद आहे याचीही त्यास दखल नाही.

परदेशस्थ कुटुंबांची स्थिती निराळीच गुंतागुंतीची असते, कारण तेथे एकाच केबिनमध्ये तीन प्रकारची माणसे असतात. अमेरिकेत जन्मलेला नातू हा तेथील नागरिक. अमेरिकेच्याच बंदरातून निघून त्याच बंदरात परतणाऱ्या जहाजावर त्यास जन्मदाखल्यावरही जाता येते, अशी सवलत २००९ पासूनच्या नियमांतही ठेवलेली आहे. मुलगा व सून नोकरीच्या व्हिसावर असतात, आणि धोका बहुधा त्यांनाच असतो. कारण देशात राहण्याची त्यांची मुदत वाढलेली असली तरी पासपोर्टावरील व्हिसाची मोहोर उलटून गेलेली असू शकते. कॅनडा व मेक्सिको या लगतच्या देशांतून तीस दिवसांच्या आत परतणाऱ्यांस अशा मोहोरेची माफी मिळते, पण कॅरिबियन बेटांसाठी ती माफी केवळ विद्यार्थी व विनिमय-अभ्यागत यांच्यापुरती आहे, नोकरदारांस नाही. येथून गेलेल्या आईवडिलांपाशी बहुधा दहा वर्षांचा, अनेकवार प्रवेशाचा व्हिसा असतो, म्हणून गमतीची गोष्ट अशी की घरातले सर्वांत अननुभवी प्रवासीच कायद्याच्या दृष्टीने सर्वांत निर्धास्त असतात.

याच्या उलट, तो नातू सुटीत इकडे आला आणि आजी-आजोबा त्यास मुंबईहून जहाजाने गोव्यास नेऊ लागले, तर तो परकीय नागरिक ठरतो. आजोबांस आधार पुरते, त्यास त्याचा परदेशी पासपोर्ट व त्यासोबत ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड किंवा भारताचा व्हिसा लागतो. शिवाय आईवडील बरोबर नसल्यास त्यांचे संमतिपत्र व त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती जवळ असाव्यात. मूल आजोबांच्या मांडीवर बसून हसत असले तरी कारकुनास नात्याचा पुरावा कागदावरच हवा असतो, आणि मुलांच्या अपहरणाचे गुन्हे लक्षात घेता त्यास दोष देता येत नाही. गर्भवती स्त्रीस चोवीस आठवड्यांपुढे बहुतेक जहाजे घेत नाहीत आणि त्याआधीही डॉक्टरांचे पत्र मागतात, हेही येथेच नमूद करावे.

मुंबईत बॅलार्ड पिअरला, इंदिरा गोदीत बांधलेल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. तेथे तपासणीच्या व इमिग्रेशनच्या मिळून ७२ खिडक्या आहेत, आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरणाऱ्या संभाजीनगरच्या उतारूस ते अगदीच जवळ आहे. क्रूझच्या प्रवाशांची संख्या २०२९ पर्यंत दुप्पट करण्याची योजना केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. त्या योजनेत आणखी एका अल्पखर्ची सुधारणेस जागा असावयास हवी होती. आवश्यक दाखल्यांची यादी सध्या तिकिटाचे पैसे भरून झाल्यावर, दहा पानांच्या इंग्रजी अटींच्या सातव्या-आठव्या पानावर भेटते. ती पैसे घेण्यापूर्वी, उतारूच्या भाषेत आणि त्याच्या विशिष्ट मार्गापुरती दाखविण्याची सक्ती कंपन्यांवर केली, तर बंदरावरून परत जाणाऱ्यांपैकी निम्मे तरी वाचतील असे आम्हांस वाटते. दाखले नसल्यामुळे प्रवेश नाकारल्यास भाडे परत मिळत नाही, हे त्याच पानावर मात्र ठळक छापलेले असते.

खिडकीवर एकदा ओळख पटली की उतारूचे छायाचित्र काढून त्यास जहाजाचे एक कार्ड देतात, आणि पुढे जहाजातून उतरताना व परत चढताना तेच यंत्रासमोर धरावयाचे असते. परदेशी मार्गावर कित्येक जहाजे उतारूंचे पासपोर्ट आपल्या ताब्यात ठेवून घेतात, कारण प्रत्येक बंदरावरील अधिकारी ते एकत्रच तपासतात. याने नवख्या माणसाचा जीव खालीवर होतो. पण ही रूढ पद्धत आहे, फक्त त्याची पोच मागून घ्यावी आणि पहिल्या पानाची छायाप्रत खिशात, दुसरी सामानात ठेवावी. उतरलेल्या बंदरात आजारी पडून मागे राहण्याची वेळ आली तर परत येण्याचा मार्ग विमानाचाच असतो, आणि त्यासाठी मूळ पुस्तिका जहाजाने किनाऱ्यावर उतरवून दिलेली असली पाहिजे. दूरध्वनीतील डिजिलॉकरमधील प्रत कायद्याने मुळाइतकी ग्राह्य असली तरी ती आपल्या देशाच्या हद्दीपुरती, आणि यंत्राची विद्युत्शक्ती शिल्लक असेपर्यंत.

परतीच्या दिवशी देशांतर्गत उतारू सामान घेऊन सरळ बाहेर पडतो; परदेशाहून आलेल्यास इमिग्रेशनची मोहोर व कस्टम्सची तपासणी या दोन पायऱ्या आणखी असतात. त्यानंतर रात्रीची देवगिरी एक्सप्रेस गाठून घरी निघालेल्या मंडळींकडे डब्यातील तिकीट तपासनीस पुन्हा एकदा ओळखपत्र मागतो, आणि जहाजाच्या खिडकीवर ज्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही ते पॅन कार्ड रेल्वेच्या यादीत असल्यामुळे तो ते बिनतक्रार पाहून परत करतो.